बसराई

पौषातलं ऊन म्हणजे आळसावलेलं सोनं. डोंगराच्या खांद्यावरून ते सावकाश उतरतं, ओढ्याच्या पाण्यात पाय बुडवतं, हुरड्याच्या धुरात घुटमळतं आणि कळकवाडीच्या कौलांवर येऊन टेकतं. शाळवाची शेतं कणसांच्या भारानं नम्र झालेली असतात. वारा निळा असतो, आकाश निर्मळ असतं आणि दिवस असे सुवर्णमंथर, असे निश्चिंतनिवांत, की या दिवसांत कुणाला मरण येईल असं मनातसुद्धा येत नाही.

नेमक्या अशाच दिवसांत बयाजी शेडगे लढाईवर निघाला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ दौलू. दोघेही एकाच पलटणीतले, दोघांच्याही बुटांचा आवाज एकसारखा.

लढाई कुणाची, कशाची, हे कळकवाडीत कुणाला धड ठाऊक नव्हतं. सातासमुद्रांपलीकडे, हिमधवल शिखरांच्या आणि धूम्रधूसर नगरांच्या मुलखात, कुण्या चौकात कुण्या राजपुत्राला गोळी लागली होती. एका गोळीचा आवाज तो केवढा! पण त्या आवाजानं साम्राज्यं दचकून जागी झाली. जागी कसली, झोपेचं सोंग घेऊन पडलेलीच होती ती, उशाखाली तलवारी ठेवून. आणि राजे तरी कोण? कुणी कुणाचा मावसभाऊ, कुणी आतेभाऊ. काही तर एकाच आजीच्या मांडीवर खेळलेले. खरं सांगायचं तर ते भावकीचंच भांडण. बांध कुणी कोरला, वाट कुणी अडवली, कुणाचं जहाज मोठं आणि कुणाची तोफ लांब. भावकी भांडते तेव्हा भाऊबंदांची डोकी फुटतात. इथे मात्र फुटायची होती ती भलत्यांचीच.

जायच्या दिवशी सारजा उंबऱ्यात उभी होती. बयाजीची बायको. वय कोवळं, दिवस भरत आलेले, नाकात माहेरची नथ. आजूबाजूला माणसं होती म्हणून तिनं नवऱ्याकडे न बघता, खांबालाच विचारल्यासारखं विचारलं.

“कुठं जायाचं म्हंत्यात?”

“बसऱ्याला.”

बसरा! तिला ते नाव ठाऊक होतं. नथीतले मोती बसऱ्याचे, असं तिची आई मोठ्या तोऱ्यात सांगायची. जगाच्या पाठीवर कळकवाडी, माहेर आणि बसरा अशी तीनच गावं सारजेला माहीत होती. त्यातल्या तिसऱ्या गावाला आपला माणूस चाललाय म्हटल्यावर तिला भीती वाटायची ती जरा उशिरानंच वाटली.

“म्हंजी मोत्यांच्या गावाला?”

“व्हय,” बयाजी हसला. “येताना मूठभर आणतो.”

मग वाट. मग वाटेवरची धूळ. मग नुसतं ऊन.

*

सारजेला मुलगा झाला. पर्शराम त्याचं नाव, घरात पर्शा. बाप बसऱ्याला आणि लेक पाळण्यात, असं ते घर दोन टोकांना ताणलेलं राहिलं.

पहिल्याच उन्हाळ्यानंतर दौलू परतला, पायात गोळी घेऊन. आयुष्यभरासाठी लंगडा झाला, पण आला. “दादा?” घरानं विचारलं. “दादा नदीनं वर गेला पलटणीसंगं,” तो म्हणाला. त्याला ठाऊक होतं ते तेवढंच.

पुढचं कळकवाडीला कधी कळलं नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याला सगळं दिसतं, आणि दिसतं म्हणून सांगणं आलं.

तैग्रीस नदीच्या एका वळणावर, मातीच्या भिंतींच्या एका गावात पलटण कोंडली गेली. बाहेर तुर्कांच्या तोफा, आत भूक. हिवाळा गेला, नदीला पूर आला, पूर ओसरला. भूक ओसरली नाही. आधी तूप संपलं, मग पीठ, मग नदीकाठचा पाला. घोडी मारायला काढली तेव्हा बयाजीनं तोंड फिरवलं. ज्या जनावराच्या पाठीवरून हात फिरवला, ते ताटात कसं घ्यायचं? अखेर पांढरं फडकं वर चढलं आणि उरलेली माणसं कैदी म्हणून वाळवंटातून चालू लागली. ते वाळवंट जलहीन, छायाहीन, दयाहीन. एका खजुरीला पाठ टेकून बयाजी बसला. “व्हा पुढं, आलोच,” म्हणाला. आणि उठला नाही.

इकडे वाळूत, तिकडे चिखलात, कुठे हिमात, कुठे समुद्राच्या काळ्यानिळ्या पोटात, अशी पृथ्वीभर माणसं बसत गेली आणि उठली नाहीत. नकाशावर एक बोटभर रेघ सरकवायला एकेक पिढी खपली. ढगांसारखे विषारी वायू रानोमाळ उतरले, झाडांची नुसती खुंटं राहिली, पाखरांनी वाटा बदलल्या. शेवटी लढाई दमून थांबली. जिंकलेले दमले होते, हरलेले दमले होते. मेलेले तेवढे दमण्याच्या पलीकडे गेले होते.

थांबली म्हणतात, पण लढाई अशी थांबत नाही. सैनिकांच्या मागोमाग बोटीतून मानमोडीची साथ उतरली आणि पायवाटांनी डोंगर चढली. कळकवाडीत एका आठवड्यात इतकी मढी निघाली, की खांदा द्यायला तीच तीच माणसं फिरत होती. सारजेची सासू त्यात गेली, सासराही गेला. त्यांना कुणी गोळी घातली नव्हती. तरीही त्यांना लढाईनंच नेलं.

बयाजीबद्दल सरकारी उत्तर एकच होतं, बेपत्ता. सारजेला तो शब्द वाईट वाटला नाही. बेपत्ता म्हणजे पत्ता लागायचा बाकी. ती रोज कपाळभर कुंकू लावत राहिली आणि रोज संध्याकाळी ओसरीच्या कडेला बसत राहिली, वाटेकडे तोंड करून. वाटेकडे बघण्याचंही एक वय असतं. पहिल्यांदा डोळे धावतात, मग चालतात, मग नुसते टेकून बसतात.

*

दूरच्या त्या राजधानीत, धुक्याच्या आणि घंटांच्या शहरात, शहाण्या माणसांनी बसून ठरवलं होतं, की जो जो कामी आला त्याच्या घरी एक काशाची चकती पाठवायची. तळहाताएवढी, जड, गोल. मग भट्ट्या पेटल्या आणि लाखांनी चकत्या ओतल्या गेल्या. एके काळी तोफा ओतल्या, आता चकत्या. साऱ्या सारख्या. फरक फक्त एका चौकोनाचा. त्यात ज्याचं त्याचं नाव.

चकतीवर त्यांची देशमाता उभी होती. पायघोळ वस्त्र, डोक्यावर टोप, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात पानांचं कडं, शेजारी धिप्पाड सिंह. कडेनं इंग्रजी अक्षरांची ओळ, “स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी तो मेला.” कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहायला चकतीवर जागा उरली नसावी.

अशीच एक चकती बोटीतून, रेल्वेतून, टपालाच्या थैलीतून तालुक्याला आली. दौलूला बोलावणं गेलं. कारकुनानं नाव वाचून दाखवलं, कडेची ओळ वाचून तिचा अर्थ सांगितला आणि दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं.

फाल्गुन होता. पळस पेटले होते. रानभर तो निर्गंध, निर्धूर, निःशब्द जाळ. लंगडत, थांबत, पुन्हा चालत दौलू घरी आला आणि सारी वाट त्यानं एकच वाक्य घोकलं, “वैनी, दादा गेला.” तीन शब्द. घोकून घोकून गुळगुळीत झालेले.

सारजा अंगणात शेणी थापत होती. तिनं दिराच्या हातातलं पुडकं बघितलं, ओल्या हातांनी बोटभर फाडलं आणि आतून ऊन लखकन तिच्या तोंडावर आलं. त्रिशूळ दिसला. सिंह दिसला.

“आई गं! जगदंबा!”

ती धावत जाऊन हात धुऊन आली. पदराची झोळी केली आणि चकती तिच्यात घेतली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. एवढ्या वर्षांत दौलूनं तिला तशी हसताना बघितलं नव्हतं.

“बसऱ्यासनं आली न्हवं? ह्यांनीच धाडली बघा, भावजी. मला ठावं व्हतं. हात मोकळा न्हाई म्हून मोती न्हाई धाडले, देवी धाडली!”

दौलूच्या घशात ते तीन शब्द उभे होते. आडवे झाले. मेलेल्या माणसाचा दाखला जिवंतपणाची खूण होऊन देव्हाऱ्यात निघाला होता आणि त्याच्या पुढे जाऊन आडवं पडण्याची ताकद त्याच्या एका धड पायात नव्हती. उद्या सांगू, तो मनाशी म्हणाला. मग शिमगा होऊ दे म्हणाला. मग पाडवा. सरकारकडून येणारा पैसा तो “दादाचा पगार” म्हणून तिच्या ओच्यात टाकत राहिला. एक न सांगितलेलं वाक्य मुरत मुरत सगळ्या घराचं खोटं होऊन बसलं.

*

बसऱ्याहून आलेली आई, म्हणून बसराई. नाव कुणी ठेवलं, कुणास ठाऊक. डोंगरात यमाई होती, ओढ्याच्या वर वाघजाई होती, त्यांच्या रांगेत ही एक नवी येऊन बसली आणि कुणालाही ती उपरी वाटली नाही. टोप जरा वेगळा होता, हे खरं. पण परमुलखात राहिलेल्या बाईचं लुगडं थोडं बदलायचंच, असं बायका म्हणाल्या.

सारजा तिला रोज दुधापाण्यानं न्हाऊ घालायची. रोज हळद, रोज कुंकू. नावाच्या चौकोनाला बायका आईचा चौरंग म्हणायच्या आणि चौरंगावर चिमूटभर कुंकू जास्त पडायचं. वर्षांमागून वर्षं ते उठावाच्या अक्षरांभोवती साचत गेलं, वाळत गेलं, दगड होत गेलं. बयाजी शेडगे हे नाव त्याच्या बायकोच्या हातानं, तिच्या नकळत, रक्तवर्ण मातीत गाडलं गेलं.

बसराई कौल द्यायची. ओल्या पाकळ्या दोन बाजूंना चिकटवायच्या, एक त्रिशूळाशी, एक सिंहाशी. प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. म्हैस गाभण राहील का, विहिरीला पाणी लागेल का, पोराचा ताप उतरेल का. काशाच्या उतरत्या गुळगुळीत अंगावरून पाकळ्या पडायच्याच, आणि निम्म्या वेळा उजवीच पडायची. देवावर भरवसा बसायला तेवढं पुष्कळ होतं. ज्यांची माणसं लांब होती, कुणी गिरणीत, कुणी बोटीवर, कुणी पलटणीत, त्या बायका मुद्दाम यायच्या. बसराई लांबच्या माणसाची आई, असा तिचा लौकिक झाला.

सारजेचा प्रश्न एकच असायचा आणि तो ती कौलाला लावत नसे. ती नुसतं म्हणायची, “माझं माणूस आण.” आधी हात जोडून म्हणायची. मग दळता दळता म्हणू लागली. पुढे पुढे तर तिला ते म्हटल्याचं कळतसुद्धा नसे, जसं श्वास घेतल्याचं कळत नाही. केस पांढरे झाले. कुंकू मात्र लालच होतं, आणि गावात तिला सवाष्ण म्हणून पहिल्या पंगतीला बोलवायचे. दौलू तेव्हा ताटावरून उठून जायचा. लोक म्हणायचे, लढाईनं ह्याचं डोकं जरा फिरलंय.

*

आणि मग पुन्हा लढाई आली.

पहिल्या लढाईचा निखारा विझला नव्हता, राखेखाली होता. हरलेल्यांच्या घरी अपमान मुरत पडला होता, जिंकलेल्यांच्या घरी घमेंड. दोन्ही घरांत पोरं मोठी झाली, आणि पुन्हा तोच बांध, तीच वाट, तेच भांडण. तोफा तेवढ्या नव्या. कळकवाडीच्या नाक्यावर भरतीची लॉरी येऊ लागली, आणि पोरं तिच्यात चढण्याआधी सारजेच्या देव्हाऱ्यापुढे वाकून कपाळाला बसराईचं कुंकू लावून घेऊ लागली. सारजा स्वतः लावायची. अंगठ्यानं, ठळक, वरपर्यंत. “सुखानं जावा, सुखानं या,” म्हणायची.

माघाच्या शेवटी पर्श्यानं सांगितलं, “आये, मीबी चाललोय.”

पंचविशी उलटलेला, बापाच्या खांद्याचा, बापाच्या हसण्याचा लेक. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. घरात काही कमी नव्हतं, त्याला कुणी ओढलं नव्हतं.

“तुला काय पडलंय?” सारजा म्हणाली.

“पलटन बसऱ्यालाच जानार म्हंत्यात, आये. तितं जातो आन बाला हुडकून आनतो. कुटंतरी आसंलच की. आडाकला आसंल, म्हातारा झाला आसंल. मी हाताला धरून आनीन.”

एवढी वर्षं ज्या माणसाला आण म्हणून सारजा देवीला सांगत होती, त्याला आणायला देवीनं तिचंच पोर निवडलं होतं. आनंद म्हणावं तर तो आनंद होता. भीती म्हणावं तर तीही होती. असं दोन्हींचं ओझं एकदम उचलायचं तिचं वय राहिलं नव्हतं.

तिनं कौल लावला. शेवंतीच्या दोन पाकळ्या, एक त्रिशूळाशी, एक सिंहाशी. “जाऊ दिऊ का? दोगंबी येत्याल का?” समईची ज्योत हलली नाही. पाकळी मात्र हलली, सरकली, पडली. उजवी.

“जा,” सारजा म्हणाली. “आईनं हुकूम दिला.”

*

लॉरी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. दुपारी दौलू आला. म्हातारा झाला होता तोही. काठी आधी यायची, मग तो. ओसरीवर बसला. सारजेनं पाण्याचा तांब्या पुढे ठेवला, त्याला त्यानं हात लावला नाही.

“वैनी, पर्श्याला लावून देऊ नगासा.”

“आईनं कौल दिलाय, भावजी.”

“आई न्हाई ती.”

ऊन अंगणात उभं होतं. ओढ्यापलीकडे कुणीतरी बैलांना हाका घालत होतं. सगळं होतं तसंच होतं.

“आई न्हाई ती, वैनी. दादा गेल्याचा दाखला हाय त्यो. जो जो मेला त्येच्या घरी सरकारनं एकेक धाडला. त्येच्यावर दादाचं नाव हाय. मी सांगायाच आलो व्हतो त्या दिशी. तुमी हासला, आन माज्या तोंडातनं निघंना.” त्याचा आवाज फुटला. “निघंनाच की वो.”

सारजा उठली. देव्हाऱ्यातून चकती घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरली.

“नाव कुटं हाय?”

त्यानं चौरंगावर बोट ठेवलं. वाळल्या कुंकवाचा जाड थर. तिनं त्या थरावर स्वतःचं बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. खाली काय आहे ते बोटाला लागेना.

“आन ही बाई कोन?”

“त्येंची देवी.”

“सिंव्ह?”

“त्योबी त्येंचाच.”

तिनं चकती आपल्याकडे फिरवली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, “आमच्या आईला कोंबडं चालतं, भावजी. हिला मानूसच लागतं व्हय?”

दौलू उठला. काठी टेकत तो निघून गेला आणि तिनं त्याला थांबवलं नाही, ती रागावलीही नाही. रागासाठी अंगात काही उरावं लागतं. तिला आधी काय वाटलं म्हणाल, तर दमल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांचं वाट बघणं एकदम अंगावर आलं. सगळ्या संध्याकाळी, सगळे उपास, पहिल्या पंगतीची सगळी ताटं. तो माणूस केव्हाच गेला होता, आणि ती त्याच्या मरणाला दूध घालत होती, हळद लावत होती, त्यालाच सांगत होती, माझं माणूस आण.

आणि त्याच मरणाचं कुंकू तिनं गावातल्या पोरांच्या कपाळी लावलं होतं. स्वतःच्या अंगठ्यानं, ठळक, वरपर्यंत. हे आठवलं तेव्हा ती रडली. नवऱ्यासाठी नव्हे. नवऱ्यासाठीचं रडू तिच्यात कुठेतरी जुनं होऊन बसलं होतं, ते इतक्या लवकर वर येणार नव्हतं.

*

सकाळ झाली. माघाची निरोपाची सकाळ, धुक्याचं मलमल पांघरलेली. कापलेल्या शेतांत धसकटं, धसकटांवर दव, आणि डोंगरामागून येणारा सूर्य म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू, गुडघ्यावर हात टेकत वर येणारा.

सारजेनं चिंच भिजत घातली होती. चुलीतली मूठभर राख घेतली. चकती घेतली आणि अंगणातल्या धुण्याच्या दगडाशी जाऊन बसली. घासू लागली.

बायका येऊ लागल्या होत्या. दोघीतिघींची पोरं आज निघायची होती, बसराईचं कुंकू हवं होतं. दगडावर उताणी पडलेली आई बघून त्या फाटकातच थबकल्या. ठकू शिंदीण पुढे झाली.

“अगं बया, आईला चिंच लावतीस? भांडं हाय काय त्ये?”

“भांडंच बरं म्हनायचं,” सारजा मान वर न करता म्हणाली. “आई न्हाई ही, ठकू. आमच्या घरचं मानूस मेल्याचा दाखला हाय. इतकी वरसं मी पुजला आन तुमाला पुजाय लावला. आता तुजं पोरगं तू बघ. माज्याकडं कुंकू न्हाई.”

एक जण पोराचं मनगट धरून आल्या वाटेनं परत गेली, जवळजवळ ओढतच. ठकू मात्र उभी राहिली, मग पदरानं डोळे पुसून पोराला घेऊन नाक्याकडे गेली. तिच्या पोरानं आदल्या आठवड्यातच कागदावर अंगठा दिला होता. त्याला आता परतायची वाट नव्हती; पर्श्याचा अंगठा आज नाक्यावर व्हायचा होता. आणि लढाईची लॉरी काही एका बाईनं चकती घासली म्हणून रिकामी जात नाही.

आतून पर्शा बाहेर आला. हातात वळकटी, डोक्याला नवा पटका. देव्हाऱ्यात पाया पडायला गेला तर जागा मोकळी दिसली होती.

“आये, आई कुटं हाय?”

“पानी घाल,” सारजा म्हणाली.

“आगं, लॉरी यायची येळ झाली.”

“पानी घाल म्हनते न्हवं.”

त्यानं वळकटी खाली ठेवली, तांब्या उचलला आणि वाकून धार धरली. सारजा घासत राहिली. चिंचेचा कोळ, राख, पाणी. चिंचेचा कोळ, राख, पाणी. वीस वर्षांचं कुंकू आधी हट्टानं बसून राहिलं, मग मऊ झालं, मग सुटू लागलं. तिनं नखानं एकेक अक्षराची कड मोकळी केली. त्या अक्षरांतलं एकही तिला वाचता येत नव्हतं.

चौकोन उघडा पडला. पिवळाधमक, स्वच्छ, निर्विकार.

तिनं लेकाचा मोकळा हात धरला. त्याचं बोट आपल्या बोटांत घेऊन, पहिल्यांदा धूळपाटीवर गिरवायला शिकवावं तसं, ते त्या उठावाच्या नावावरून फिरवलं.

“हितं हाय तुजा बा,” ती म्हणाली. “हुडकाय लांब जायाला नगं.”

पर्शा बघत राहिला. आईकडे, चकतीकडे, स्वतःच्या बोटाकडे. त्याचा चेहरा आधी काही कळत नसल्यासारखा, मग सगळं एकदम कळल्यासारखा झाला. सारजेनं त्याचा हात सोडला. ओल्या तळव्यानं स्वतःचं कपाळ पुसलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि तो तळवा त्याच्या धारेखाली धरला.

नाक्यावर भोंगा वाजला. लांबलचक, धातूचा, धुकं कापत आलेला. पर्श्याची मान तिकडे वळली. भोंगा पुन्हा वाजला. मान खाली आली.

तांब्या धरलेला हात हलला नाही. धार पडत राहिली, आईच्या तळव्यावरून, काशाच्या चकतीवरून, दगडावरून; आणि लाल पाणी अंगण ओलांडून सावकाश वाटेकडे निघालं, वाटेतली धूळ भिजवत, फिकं होत, आणखी फिकं होत, पाण्यासारखं पाणी होत.